हेडमध्ये तुटलेला सायलेन्सरचा स्टड कसा काढावा

सायलेन्सरचा नट सोडवायला दहाचा टी-पाना लावला, जरा जोर दिला, ‘कट्’ असा आवाज झाला आणि नट गरागरा फिरायला लागला. नवख्या माणसाला वाटतं, सुटला एकदाचा. नट हातात येतो तेव्हा कळतं की त्याच्या पोटात अर्धा स्टड (नट ज्यावर बसतो तो, डोकं नसलेला आटेदार दांडा) आहे आणि उरलेला अर्धा इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरच्या झाकणात, रुतून बसलाय.

रत्नागिरीजवळ खाडीच्या काठाला आमचं छोटं गॅरेज आहे. खारा वारा, चार महिने पाऊस आणि मागे मच्छीच्या पेट्या बांधून फिरणाऱ्या गाड्या, त्यामुळे तुटलेले स्टड काढायचं काम मी खूप केलंय. काही वेळा ते बिघडवलंही आहे. गॅरेजात नुकतीच शिकायला लागलेली मुलं आणि घरच्या घरी स्वतःच्या गाडीवर हात चालवणारे, अशांसाठी हे लिहितो आहे. उदाहरणाला शंभर सीसीची स्प्लेंडर घेतली आहे, कारण तीच सगळ्यात जास्त दिसते. तिच्या हेडवर सायलेन्सरचे दोन स्टड असतात, ६ मिमी जाडीचे, १ मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी. मोठ्या गाड्यांत बऱ्याचदा ८ मिमीचे, १.२५ पिचचे असतात. तुमच्या गाडीचा स्टड मोजून घ्या, पद्धत तीच.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करून ठेवा. आपल्याला स्टड वाचवायचा नाही, हेडमधले आटे वाचवायचे आहेत. स्टड चार पैशांचा आहे, त्याचा चुरा झाला तरी चालेल. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, मऊ आहे आणि महाग आहे. पुढच्या प्रत्येक पायरीवर अडलात की हाच प्रश्न विचारा: आता जे करतोय त्यात हेडला धोका आहे का?

तुटतो का

स्टड पोलादाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून आणि मध्ये खारट ओल, म्हणजे बॅटरीसारखीच क्रिया सुरू होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. स्टडाभोवती जी पांढरी पावडर दिसते ती हीच. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे आट्यांत पाचर मारल्यासारखी घट्ट बसते. बाहेरच्या बाजूला नट आणि स्टड दोन्ही पोलादाचे, तिथे लाल गंज. शिवाय एक्झॉस्टचा गॅस सहाशे अंशांच्या वर जातो आणि गाडी बंद केली की सगळं पुन्हा थंड. रोज तापणं-निवणं चालू असल्यामुळे स्टडचं पोलाद थकतं, वरून गंजाने तो बारीकही होतो.

मग कोणीतरी थंड गाडीवर लांब पाना लावतो. नट स्टडवरून सुटत नाही, स्टड हेडमधून सुटत नाही, आणि मधला भाग पिळला जातो. तुटण्याआधी हाताला कळतं, फक्त ते ओळखता यायला हवं. सुटणारा नट ‘कर्र’ असा कोरडा आवाज करतो आणि झटक्याने हलतो. पिळला जाणारा स्टड आवाज न करता, लोण्यात सुरी जावी तसा नरम हलतो आणि पाना सोडला की किंचित मागे येतो. हा नरमपणा जाणवला की त्याच क्षणी थांबायचं. तिथे थांबलात तर पुढचं निम्मं काम करावंच लागत नाही.

तुटला की काय पाहायचं

आधी पूर्ण सायलेन्सर उतरवा. २०२० च्या एप्रिलपासूनच्या बीएस ६ गाड्यांत एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याची वायर आधी सोडवा, नाहीतर पाइप खाली येताना ती तुटते. दुसरा नट सोडवताना घाई नको. एक तुटला म्हणजे दुसराही त्याच वयाचा आणि त्याच पावसात भिजलेला आहे. त्याला पुढे सांगितलेलं तेल आणि उष्णता आधी द्या, मगच पाना लावा.

मग तारेच्या ब्रशने जागा लख्ख करा आणि टॉर्च मारून पाहा. तीनपैकी एक गोष्ट झालेली असते. खुंट बाहेर उरलाय, सात-आठ मिलीमीटर का होईना. ही चांगली बातमी. किंवा तो हेडच्या पातळीत सपाट तुटलाय. किंवा भोकाच्या आत खोल तुटलाय.

स्प्लेंडरची एक अडचण इथेच सांगतो. तिचं इंजिन जवळजवळ आडवं आहे, कार्बोरेटर वरून येतो आणि एक्झॉस्टचं तोंड जमिनीकडे. म्हणजे स्टड खाली लोंबतो. त्याचा फायदा असा की ड्रिलचा कीस आपोआप खाली पडतो. तोटा असा की वर मारलेलं तेल आट्यांत शिरण्याऐवजी ठिबकून जमिनीवर जातं. उभ्या सिलिंडरच्या गाड्यांत स्टड समोर येतो, तिथे हा त्रास कमी.

एक्झॉस्टच्या तोंडात स्वच्छ कापडाचा घट्ट बोळा भरा. त्याआधी इंजिन हाताने फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतील आणि चुकून कीस आत गेला तरी सिलिंडरमध्ये उतरणार नाही.

तेल, आणि वाट पाहणं

आट्यांत शिरणारं पातळ तेल कुठल्याही स्पेअरच्या दुकानात स्प्रेमध्ये मिळतं. ते मारून पाच मिनिटांत पाना लावणं म्हणजे न मारल्यासारखंच आहे. आट्यांमधली फट अतिशय बारीक असते, तेल तिच्यातून सावकाश चढतं. रात्रभर द्या. दोन रात्री दिल्या तर आणखी चांगलं.

लोंबत्या स्टडसाठी मी समईची कापसाची वात वापरतो. वात तेलात भिजवून खुंटाच्या मुळाशी दोन-तीन वेढे गुंडाळायची, वरून प्लास्टिकचा तुकडा आणि रबर बँड. सकाळ-संध्याकाळ वातीवर थोडं तेल. वात ओली राहिली की तेल वरच्या दिशेनेही आट्यांत ओढलं जातं. नुसत्या फवाऱ्यापेक्षा याचा गुण कितीतरी जास्त येतो.

दर वेळी तेल टाकलं की खुंटाच्या टोकावर लहान हातोडीने दहा-बारा टकटक द्या, मध्ये पितळेचा तुकडा धरून. ठोकायचं नाही, टकटक. त्या हादऱ्याने पांढऱ्या पावडरीला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. खुंट वाकेल किंवा त्याचं डोकं फुलेल एवढा जोर लावू नका.

उष्णता

इथून पुढे आग आहे, म्हणून तयारी आधी. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा, कार्बोरेटर असेल तर त्यातलं पेट्रोल काढा, मारलेलं तेल पुसून कोरडं करा. बाजूला वाळूची बादली किंवा अग्निशामक असू द्या. बंद खोलीत हे काम करू नका.

तापवायचं हेड, स्टड नव्हे. हे उलटं करणारे खूप भेटतात. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. शंभर अंश तापवलं तर ६ मिमीचं भोक सुमारे १४ मायक्रॉन मोठं होतं आणि तेवढाच तापलेला स्टड सुमारे ७ मायक्रॉन जाड. फरक ७ मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या भागाइतका. ऐकायला काहीच नाही, पण जाम झालेल्या आट्यांना तेवढी ढिलाई पुरते. स्टड हेडपेक्षा थंड राहिला तर फरक आणखी वाढतो. म्हणून हीट गन किंवा गॅसची लहान टॉर्च स्टडाभोवतीच्या जाड भागावर गोल गोल फिरवायची, ज्योत एका जागी धरायची नाही.

किती तापवायचं हे रंगावरून कळणार नाही. लोखंड तापलं की लाल होतं, अ‍ॅल्युमिनियम मात्र वितळेपर्यंत तसंच पांढरट दिसतं आणि एकदम खाली ओघळतं. त्यामुळे डोळ्यांवर विसंबू नका. बोट बुडवून पाण्याचा एक थेंब टाका. तो चर्र करून जागच्या जागी उकळून गेला की झालं. तव्यावर नाचतो तसा टणाटण नाचायला लागला तर जास्त तापलंय, थांबा.

तापलेलं असतानाच मेणबत्तीचा तुकडा खुंटाच्या मुळाशी टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. मग पुढची पायरी लगेच, गरम असतानाच. हातमोजे घालून.

खुंट बाहेर असेल तर

खुंटाचे आटे शाबूत असतील तर दोन नट चढवा, एकमेकांवर घट्ट आवळा, आणि आतल्या म्हणजे हेडकडच्या नटाला पाना लावून उलटं फिरवा. बाहेरच्या नटाला पाना लावलात तर तोच सुटून येईल, ही चूक सगळेच पहिल्यांदा करतात.

आटे गेले असतील तर ग्रिप प्लायर. जबडा पूर्ण घट्ट, शक्यतो हेडच्या जवळ. आणि इथे एक सवय लावून घ्या: आधी थोडं घट्ट करण्याच्या दिशेला, मग थोडं सोडण्याच्या दिशेला. पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. सुईच्या टोकाएवढी हालचाल झाली तरी पुरे. तेल टाका आणि तेच करत राहा. हालचाल हळूहळू वाढते. एकाच दिशेला जोर लावत राहिलात तर खुंट पुन्हा तुटेल, आणि या वेळी आत.

प्लायर घसरत असेल तर कानसीने खुंटाच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट करून घ्या, मग तो जबड्यात नीट बसतो. प्लायरने तीनदा घसरून खुंट गोल गुळगुळीत करण्याआधीच हे करा.

नट वेल्ड करणं

माझ्या मते खुंट जरासाही बाहेर असेल आणि वरच्या उपायांनी हलत नसेल तर ड्रिलआधी वेल्डिंग. याचा खरा फायदा पकड मिळण्यापेक्षा उष्णतेत आहे. वेल्डिंगमुळे स्टड क्षणात लाल होतो, फुगून पांढऱ्या पावडरीला चिरडतो आणि निवताना आक्रसतो. तो बंध तिथेच तुटतो. वर हेड आधी तापवा, स्टड तापवू नका असं सांगितलं आणि आता नेमकं उलटं; पण इथे आपण भोक सैल करत नाही, गंजाची पकड मोडतोय.

६ मिमीच्या खुंटावर ८ मिमीचा नट ठेवायचा, म्हणजे मध्ये रॉडला जागा मिळते. नटावरचा जस्ताचा मुलामा आधी घासून काढा, त्याचा धूर वाईट. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी वेल्डिंग अजिबात नको, काही क्लीनरमधल्या क्लोरीनच्या द्रावकांचा उष्णतेने विषारी वायू होतो. बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढा, इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, कनेक्टरही. अर्थिंगचा चिमटा हेडवरच स्वच्छ जागी लावा. तो फ्रेमला किंवा चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन गोळ्यांवर डाग पडतात.

बारीक रॉड, २ किंवा २.५ मिमीचा, आणि नटाच्या मधोमध खुंटावर सुरुवात करून भोक भरत यायचं. गावात वेल्डिंगवाला खिडक्यांच्या ग्रिल करणारा असला तरी चालेल, फक्त त्याला समजावून सांगा की रॉड हेडला लागता कामा नये. पोलादाचं वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही, पण ठिणगीने खड्डा पडू शकतो. आजूबाजूला ओलं फडकं ठेवा.

लाली गेली की लगेच झटका देऊ नका. मिनिटभर थांबा, तेवढ्यात मेणबत्ती टेकवा, मग पाना लावून तोच खेळ: थोडं घट्ट, थोडं सैल. पहिल्या खेपेला नट सुटून हातात आला तर निराश होऊ नका. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या नटाला निघालेले स्टड बरेच आहेत, प्रत्येक वेल्डिंगची उष्णता जमेला लागतेच. सपाट तुटलेल्या स्टडवरही चांगला वेल्डर आधी वॉशर ठेवून, त्याच्या भोकातून थेंब चढवत, मग वर नट लावू शकतो. पण ते सरावाचं काम आहे.

ड्रिल, जेव्हा दुसरा इलाज नाही

आता हेड उतरवा. गाडीखाली उताणं पडून, हातात ड्रिल धरून वरच्या दिशेने सरळ भोक पाडणं भल्याभल्यांना जमत नाही. हेड उतरवणं म्हणजे टायमिंग चेन, गास्केट, सगळंच आलं हे खरं. पण बाकावर, शिकंज्यात लाकडाच्या गुटक्यांमध्ये धरलेलं हेड आणि उभ्या ड्रिल मशीनचा सरळ उतरणारा बिट यामुळे कामाचं स्वरूपच बदलतं. घरी उभं मशीन नसेल तर लेथवाल्याकडे जा.

सगळं काम सेंटर पंचच्या एका ठोक्यावर ठरतं. तुटलेलं तोंड कधीच सपाट नसतं, एका बाजूला उतरतं आणि मध्ये एखादं टोक उरतं. तिथे पंच ठेवलात तर तो उताराकडे घसरणार, बिट त्याच्यामागे जाणार, आणि पोलाद सोडून मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरणार. म्हणून आधी कानसीने किंवा ग्राइंडरच्या बारीक दगडाने तोंड सपाट करा. मार्करने काळं करा. मग पंच हलका टेकवून बारीक खूण करा, भिंगातून चारही बाजूंनी अंतर पाहा. एका बाजूला अर्धा मिलीमीटर सरकली असेल तर पंच तिरका धरून खूण मध्याकडे ढकला. समाधान झालं की मगच खणखणीत ठोका. मी इथे पंधरा-वीस मिनिटं सहज घालवतो.

सपाट तुटलेल्या स्टडसाठी एक युक्ती आहे. पाइपाचा फ्लँज (स्टडवर चढणारी भोकांची पट्टी) सुटा होत असेल तर तो शाबूत असलेल्या दुसऱ्या स्टडवर चढवा आणि सरळ करून नटाने आवळा. आता तुटलेल्या स्टडच्या बरोबर समोर फ्लँजचं भोक येतं. त्या भोकात बसेल असं पोलादाचं छोटं बुश, म्हणजे नळीचा तुकडा, लेथवर करून घ्या, मध्ये पहिल्या बिटाच्या मापाचं, २.५ मिमीचं भोक. बिट बुशमधून खाली गेला की मध्य जवळजवळ आपोआप मिळतो. स्टड आत खोल तुटला असेल तर ५ मिमीपेक्षा किंचित कमी बाहेरमापाचं बुश थेट हेडच्या भोकात बसवता येतं, तेही त्याच्या आट्यांना धक्का न लावता.

बिट नवे घ्या, एचएसएस (हाय स्पीड स्टील) किंवा कोबाल्टचे. डावे बिट मिळाले तर सोन्याहून पिवळं. ते उलट्या फिरण्यावर कापतात, म्हणजे कापताना स्टडला सोडण्याच्याच दिशेने ओढतात. तापलेला, सैल होत आलेला स्टड तेवढ्यानेच फिरून बाहेर आलेला मी पाहिलाय. तालुक्याच्या दुकानात हे बिट सहसा नसतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत विचारा.

पहिला बिट २.५ मिमीचा. कमी वेग, सतत तेल, दोन-तीन मिलीमीटर गेलं की बाहेर काढून कीस साफ. खोली किती ते नव्या स्टडवरून मोजा आणि बिटवर चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. त्याच्या पलीकडे जाऊ नका, भोक आत बंद असतं आणि पुढे नुसतं अ‍ॅल्युमिनियम आहे. मग ३.२, मग ४, मग ४.५. प्रत्येक मापानंतर थांबून पाहा की चारही बाजूंना पोलादाची भिंत सारखी उरली आहे का. ४.५ वर भिंत इतकी पातळ होते की बऱ्याचदा टोकदार सुईने एक कडा आत वाकवली की उरलेला स्टड कागदाच्या नळीसारखा दबतो आणि फिरून निघतो. नाहीच निघाला तर ४.८ आणि शेवटी ५ मिमी. मध्य बरोबर असेल तर आता फक्त आट्यांत अडकलेली पोलादाची तार उरते. सुईने तिचं टोक शोधून पक्कडीत धरा. ती स्प्रिंगसारखी उलगडत येते.

मग ६ गुणिले १ चा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल किंवा डिझेल उत्तम चालतं. तीन टॅपच्या सेटमधला पहिला हाताने, अगदी सरळ, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. तो जुन्या आट्यांत अलगद बसायला हवा. सुरुवातीलाच जोर लागत असेल तर तो वेगळ्या वाटेने जातोय, काढून पुन्हा लावा.

ईझी आऊटबद्दल

हे हत्यार नवशिक्याच्या पेटीत हमखास असतं आणि नाव ऐकून मोह होतो. तुटलेल्या स्टडला मध्ये भोक पाडायचं, त्यात उलट्या पेचाचं हे निमुळतं हत्यार घालायचं आणि फिरवायचं. पण विचार करा. ६ मिमीचा पूर्ण पोलादी स्टड जिथे पिळून तुटला, तिथे त्याच्या आत मावणारं ३ मिमीचं हत्यार कसं टिकणार? शिवाय ते निमुळतं असल्यामुळे जितकं आत जातं तितका स्टड बाहेरच्या बाजूला फुगवतं, म्हणजे आणखी जाम करतं.

शिकत असताना मी एका मावशींच्या गाडीत असं ईझी आऊट तोडलं. त्या रोज पहाटे त्या गाडीवरून मासळी आणायला बंदरावर जायच्या. मी त्यावर ड्रिल चालवून पाहिलं. बिटचं टोक निळं पडलं आणि त्या तुकड्यावर ओरखडासुद्धा नाही. ते हत्यार इतकं कडक असतं की साधा बिट त्याला कापूच शकत नाही. शेवटी हेड उतरवून, पिशवीत घालून, एसटीने आंबा घाटातून कोल्हापूरला गेलो. उद्यमनगरात एका मिस्त्रींनी ते हातात घेतलं, खिडकीकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, “हे आता ड्रिलनं निघत न्हाई पोरा, स्पार्कवर घालाय लागतंय.” स्पार्क इरोजनचं मशीन ठिणग्यांनी धातू कणाकणाने उडवतं, कडकपणाशी त्याला देणंघेणं नसतं. टूलरूममध्ये काम झालं, आटे वाचले. पण मावशींचे तीन दिवस बुडाले आणि ते मला अजून लागतं.

म्हणून ६ मिमीच्या जाम स्टडला ईझी आऊट लावू नका. ८ मिमीच्या आणि उष्णतेने आधीच सैल झालेल्या स्टडला चालू शकतं, तेही हलक्या हाताने.

जाता जाता तुरटीचंही सांगतो, कारण हे हमखास कोणीतरी सुचवतं. घड्याळजी पितळेच्या पट्टीत तुटलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात विरघळवतात, ते खरं आहे. पण आपल्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट आणि गाईडही लोखंडाच्या जातीच्याच असू शकतात. ते पाणी त्यांनाही खाईल. हेडला हा उपाय करू नका.

आटे गेलेच तर

ड्रिल सरकलं किंवा जुने आटे स्टडबरोबर निघून आले तरी हेड टाकून देऊ नका. हेलिकॉइल घाला. ही स्टेनलेसच्या तारेची स्प्रिंग असते, तिच्या आत मूळ मापाचे आटे मिळतात. ६ मिमीसाठी बहुतेक किटमध्ये ६.३ मिमीच्या आसपासचं ड्रिल लागतं, पण किटवर लिहिलेलं मापच वापरा. मग किटमधला खास टॅप, मग हँडलने स्प्रिंग फिरवत आत. तिचं शेवटचं टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली राहू द्या आणि खालची आडवी दांडी ठोकून, तोडून बाहेर काढा. ती आत विसरलात तर स्टड पूर्ण बसणार नाही. नीट घातलेलं हेलिकॉइल अ‍ॅल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा जास्त टिकतं, म्हणून ग्राहकाला ते सांगायला लाजू नका.

एम-सील किंवा तसले लेप इथे चालत नाहीत, एक्झॉस्टच्या उष्णतेत ते जळून जातात.

नवा स्टड बसवताना

दोन्ही स्टड बदला. भोक हवेने साफ करा, डोळ्यांना चष्मा लावून. आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ ग्रीस, पातळ थर. थ्रेड लॉक (आटे चिकटवणारा गोंद) नको. स्टड हाताने तळापर्यंत आणि वर दोन नटांनी किंचित आवळा, बस. नट पितळेचे मिळाले तर तेच घ्या, ते गंजून पोलादाला धरत नाहीत. तोंडाची गास्केट नवी.

पाइप लावताना आधी फ्लँजचे दोन्ही नट बोटांनी, मग सायलेन्सरचा मागचा बोल्ट नुसता अडकवून ठेवा. आता फ्लँजचे नट आलटून-पालटून, अर्धा-अर्धा फेरा, दोन्हीकडची फट सारखी राहील असे. ६ मिमीला १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं; तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा आकडा पाहून घ्या. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. तो आधी आवळलात तर पाइप ओढलेल्या अवस्थेत राहतो आणि तो सगळा ताण प्रत्येक खड्ड्यात नव्या स्टडवर येतो.

गाडी चालू केल्यावर पहिली काही मिनिटं ग्रीसचा धूर येतो, घाबरू नका. तोंडाजवळ ‘फट् फट्’ असा आवाज किंवा एक-दोन दिवसांत काळी काजळी दिसली तर गास्केट नीट बसलेली नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, नट एकदा पुन्हा तपासा. नवी गास्केट दबून थोडी ढिलाई येते.

आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांचे हे दोन नट मी दरवर्षी पाऊस संपला की ऑक्टोबरात एकदा काढतो, इंजिन कोमट असताना. आटे ब्रशने घासायचे, ग्रीस लावायचं आणि परत बसवायचे. चहा उकळेपर्यंत होतं.